बॉयलरखान्याची धूळ

लीलाने अख्खा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा टीबीच्या गोळ्या खाण्यात घालवला, तरी दिवाळीच्या सुमारास तिला नंदानगरातल्या आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा एका दमात जाता येईना. उजव्या बरगड्यांच्या आत पाणी साचायचं. दवाखान्यात सुई घालून ते काढायचे, काही दिवस बरे जायचे, की पुन्हा छातीवर कुणी गव्हाचं पोतं आणून ठेवल्यासारखं व्हायचं. नवरा, दिनानाथ, तिला सवाऱ्यांच्या टेम्पोत बसवून न्यायचा आणि टेम्पोतच परत आणायचा.

शेवटी मोठ्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीण आली. इरावती देशमाने, सांगलीकडची. तिची मराठी इतकी स्वच्छ होती की लीलाला आपल्या मराठीत मिसळलेली इकडची हिंदी उगीच जड वाटू लागली. डॉक्टरणीने टीबीच्या गोळ्या थांबवल्या, छातीच्या आतून एक तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला, आणि त्याचं उत्तर आलं त्या दिवशी दोघांनाही समोर बसवून घेतलं.

"काकू, तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय का?"

"मी कुठे जाणार, मॅडमजी? घरचंच सगळं. पोळ्या, भांडी, कपडे."

"आणि काका?"

"मिलमध्ये होतो," दिनानाथ म्हणाला. "बॉयलरखान्यात. आता तर मिल बंद होऊनच जमाना झाला."

"बॉयलरखान्यात नेमकं काय?"

"वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस चढवायचा. दोरी गुंडाळायची, वरून लेप द्यायचा. जुना झाला की फोडून काढायचा आणि फिरून नवा."

"कामाचे कपडे तिथेच ठेवायचात का?"

"नाही. अंगावरच घरी यायचे."

"धुवायचं कोण?"

"हीच धुवायची. दुसरं कोण?" असं म्हणत त्याने लीलाकडे पाहिलं. डॉक्टरीण हे का विचारते आहे, ते त्याला तेव्हा कळू लागलं असावं.

तिने घाई न करता सांगितलं. फुप्फुसाभोवती एक पातळ अस्तर असतं, त्या अस्तराचा हा कॅन्सर. नाव मेसोथेलिओमा. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक असतात, श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. तीस-चाळीस वर्षं काही म्हणजे काही होत नाही, आणि मग हे असं होतं. धुळीत काम करणाऱ्याला होतं, तसं कधी कधी त्याचे कपडे झटकणाऱ्या बायकोलाही होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पुरता बरा होणारा हा आजार नाही. पण पाणी पुन्हा साचू नये म्हणून छातीत औषधी पूड सोडता येते. त्याने श्वास मोकळा होईल.

लीलाने एवढंच विचारलं, "मी ते कपडे झटकायचे तिथेच माझी मुलगी खेळायची, दारातल्या ओटल्यावर. तिला?"

"बहुतेकांना काही होत नाही, काकू. तिला सांगून ठेवा. कधी दम लागला तर डॉक्टरला ही गोष्ट आधी सांगायची."

मुलगी बेटम्याला दिलेली होती, दोन लेकरांची आई. टेम्पोत बसल्यावर लीला तिचाच विचार करत राहिली. दिनानाथ संध्याकाळी मिलमधून यायचा तो पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखा पांढरा होऊन. भुवयासुद्धा पांढऱ्या. मुलगी हसायची. लीला त्याचा सदरा ओटल्यावर नेऊन जोरजोरात झटकायची, भिंतीवर दोनदा आपटायची, मग नळावर. घरात धूळ नको म्हणून बाहेर झटकायचा, एवढीच तिची शिस्त.

त्या दिवसापासून दिनानाथ बदलला. ताटावर बसायचा आणि उठायचा. तिच्याकडे बघून बोलायचा नाही. रात्री तिचा खोकला सुरू झाला की भिंतीकडे तोंड करायचा. लीलाने आठवडाभर सोसलं. तिला स्वतःचंच इतकं ओझं झालं होतं की त्याचंही वाहायची ताकद नव्हती. एका दुपारी ताट तसंच सोडून तो उठायला लागला तेव्हा ती म्हणाली,

"बसा."

तो बसला.

"तुम्हाला ठाऊक होतं का, ती धूळ काय आहे ते?"

"नाही."

"मला होतं?"

त्याने मान हलवली.

"मग झालं. मला रोज तुमचं तोंड बघून तुमची समजूत काढायला लावू नका. दमले मी. जेवा."

तो जेवला. मान खाली घालूनच जेवला, पण जेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिंतामण आला. हा दिनानाथचा बॉयलरखान्यातला जुना जोडीदार, दोन गल्ल्या सोडून राहायचा. मिल बंद झाल्यावर त्याने भाजीची गाडी लावून बघितली, मग एका शेठच्या कोठीवर पहारा केला. दोन्ही टिकलं नाही. आज मात्र तो खुशीत होता. मिलची मशिनरी भंगारात गेली होती आणि ठेकेदाराला जुनी माणसं हवी होती.

"बॉयलरखाना निघतोय, दिनू भिया. पाइप मोकळे करायचे आहेत. तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला येतंय ते? मी कालच लागलो, तूही चल उद्यापासून."

बोलता बोलता त्याने सदऱ्याच्या बाह्या झटकल्या. लीला आतून चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या.

"चिंतामणभिया," ती म्हणाली, "हे कपडे घरी कोण धुतं?"

"सूनच. का?"

तिने चहा दिनानाथच्या हातात दिला आणि खाली बसून, मध्ये मध्ये थांबत, डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. चिंतामणने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा आखडला.

"भाभी, तीस वर्षं हीच धूळ खाल्ली आम्ही. डॉक्टर लोक काहीही बोलतात. मला काही झालं का?"

"तुम्हाला नाही झालं," लीला म्हणाली. "मला झालं."

चहा न पिताच तो "बघतो," म्हणून उठून गेला. ओटल्यावर, तो बसला होता तिथे, पांढरट डाग राहिला. दिनानाथ झाडू घ्यायला वळला तेव्हा लीलाने त्याला अडवलं आणि ओल्या फडक्याने पुसायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंतामणच्या घरी निघाली. दोन गल्ल्यांची वाट, पण तिला तीन ओटल्यांवर टेकावं लागलं. एका बाईने पाणी दिलं. दिनानाथ मागून चालत होता, हात पुढे करत होता, आणि ती तो धरत नव्हती. त्याच्यावरचा राग नव्हता. हात धरला की थांबावंसं वाटायचं.

चिंतामणची सून पूर्णिमा नळावर होती. तान्हं पोर शेजारी दोरीच्या खाटेवर निजलं होतं. बादलीपाशी सासऱ्याचा सदरा पडला होता आणि तिने तो नुकताच झटकायला उचलला होता.

"ठेव, ठेव," लीलाने लांबूनच हात केला. पुढचं बोलायला तिला बराच वेळ लागला. पूर्णिमा घाबरून उभी राहिली. तिला वाटलं, लीलामामीला तिथेच काही होतंय.

मग लीलाने तिला समजावलं. झटकायचं नाही. आपटायचं नाही. घरात येऊच द्यायचे नाहीत हे कपडे. आलेच तर आधी पाण्यात बुडवायचे, ओलेच धुवायचे, पोराच्या दुपट्यांत मिसळायचे नाहीत. आणि सासऱ्यांनी अंघोळ करूनच पोराला घ्यायचं.

"बाबांना कोण सांगणार, मामी?" पूर्णिमा म्हणाली. "मी तर घरात तोंडच नाही उघडत."

"त्यांना मी सांगितलंय. तू फक्त कपडे उचलू नकोस. पडू देत. विचारलं तर माझं नाव घे."

पूर्णिमाने सदऱ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. तिने बादलीतलं पाणी त्या सदऱ्यावर ओतलं आणि खाट उचलून आत नेली.

घरी परतल्यावर लीला दोन दिवस उठली नाही. पण त्या दोन दिवसांत दिनानाथ मिलच्या फाटकावर जाऊन कामावरच्या माणसांना धुळीचं सांगून आला. ठेकेदाराचा माणूस त्याचं ऐकेना, ज्याला काम सोडून जायचं असेल त्याने जावं, म्हणाला. कामावरच्या काहींनी ऐकलं, काहींनी नाही. काम कुणीच सोडलं नाही. सोडून जाणार कुठे? एवढं मात्र झालं, की फोडायच्या आधी ते पाइपांवर पाणी मारू लागले, तोंडाला गमछे बांधू लागले, आणि संध्याकाळी मिलच्या हौदावर अंघोळ करून दुसरे कपडे घालू लागले. डॉक्टरणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, गमछ्याने ही धूळ अडत नाही, पण पाण्याने पुष्कळ फरक पडतो. चिंतामण महिनाभर लीलाच्या दारावरून गेला आणि बोलला नाही. मग एकदा पूर्णिमाच्या हाती त्याने पेरू पाठवले.

थंडीत लीलाच्या छातीत ती पूड सोडली. त्या रात्री खूप दुखलं. पण नंतर पाणी पुन्हा साचलं नाही, आणि ती उशा न रचता झोपू लागली. डॉक्टरणीने खोटी आशा दिली नाही. ऊन तापेपर्यंत असे बरे दिवस मिळतील, पुढचं पुढे, असं तिने सांगितलं. लीलाने मान डोलावली आणि नवऱ्याकडे बोट केलं.

"ह्यांच्याही छातीचा फोटो काढा."

दिनानाथ टाळत होता. पुढच्या वेळी, त्यापुढच्या वेळी. शेवटी लीलाने त्याला दवाखान्याच्या रांगेत आपल्या पुढे उभं केलं. फोटो आला तेव्हा डॉक्टरीण तो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिली. आत जुने डाग आहेत, ती म्हणाली, धुळीचेच. पण आज तरी कॅन्सर दिसत नाही. दर वर्षी येऊन दाखवत जा.

दिनानाथला बाहेरच्या बाकावर रडू आलं. आपण वाचलो म्हणून रडतोय की ती नाही वाचणार म्हणून, हे त्याला सांगता येईना. लीलाला आनंद झाला होता, पण तो दाखवायलाही अंगात काही उरलं नव्हतं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता टेम्पो बघा. घरी जाऊन थोडं पडते मी."