गोट लावलेले गणवेश

"ताई, याला दुमडायला कापडच नाही," कोपऱ्यातल्या मशीनवरची बाई म्हणाली आणि हातातला स्कर्ट तिनं टेबलावर टाकला. "खालची पट्टी काय उंदरांनी खाल्ली?"

ताईंनी स्कर्ट उचलून टेप लावला. मग गठ्ठ्यातला दुसरा काढला, मग मुलांच्या पँट काढून पाहिल्या. सगळ्यांची तीच कथा. उंची बरोबर होती, पण दुमडायला कापड नव्हतं. ताईंनी टेप गळ्यात टाकला आणि मुकाट्यानं स्टुलावर बसल्या. एरवी त्या दिवसभरात स्टुलावर टेकत नसत, म्हणून आजूबाजूची मशिनं आपोआप थांबली.

कारखाना तयार कपड्यांचा. वर्षभर दुकानांचा माल निघे आणि शाळा उघडायच्या तोंडावर मागच्या गल्लीतल्या शाळेचे गणवेश निघत. ते फुकट. ही रीत कारखान्याच्या जुन्या मालकांनी, थोरल्या साहेबांनी घातली होती, आणि त्यांचा एकच हट्ट होता. दुकानाच्या मालाला खाली बोटभर दुमड चालेल, पण शाळेच्या मालाला चांगली चार बोटं हवी. "पोरं वाढतात, आईबापांचे पगार वाढत नाहीत," असं ते म्हणत. शिवणीत सोडलेल्या या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. दर वर्षी थोडं उसवून खाली सोडलं की एकच स्कर्ट पोरीला तीन वर्षं पुरे. त्यासाठी कटिंगमास्तरांनी कापड आखायच्या पुठ्ठ्याच्या साच्यांना खाली एक पट्टी जोडून घेतली होती. दुकानाचा माल आखताना ती मागे दुमडायची आणि शाळेचा आखताना उघडायची. यंदा ती उघडायची राहून गेली होती. कापड थरावर थर रचून एकदम कापतात, त्यामुळे चूकही एकदमच झाली. सगळा लॉट गेला. त्या रंगाचं कापड संपलेलं, नवं यायला महिना, आणि शाळेतला कार्यक्रम परवावर आलेला.

"काय गं, मशिनं का थांबली?" हॉलच्या दुसऱ्या टोकाहून मास्तरांनी हाक दिली. ते कटिंगच्या टेबलाशी उभे होते. दोन्ही तळवे टेबलावर टेकवून उभं राहायची त्यांची अलीकडची सवय होती.

"काही नाही मास्तर," ताई म्हणाल्या. "खालच्या कडेला गोट लावायचं ठरलंय. निळा."

"गोट? शाळेच्या मालाला? कुणाचं डोकं हे?"

"माझंच."

"मग झालं कल्याण," मास्तर म्हणाले, आणि बायका हसल्या. हसल्या, पण एकमेकींकडे बघून हसल्या. कापतं कोण हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तरांना काचबिंदू होता. कडेचं दिसेनासं होत होत त्यांची नजर आता नळीतून बघावं तेवढीच उरली होती. हे त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं. डोळ्यांत थेंब घालणाऱ्या सुनेला तेवढं माहीत होतं, आणि तिनं एकदा ताईंना रस्त्यात गाठून रडत रडत सांगितलं होतं. तेव्हापासून ताईंनी एक उद्योग आपल्यामागे लावून घेतला होता. मास्तर सकाळी खडूनं आखून चहाला गेले की त्या टेप घेऊन टेबलाभोवती फिरायच्या आणि चुकलेली रेघ पुसून सरळ करून ठेवायच्या. मास्तर परत येऊन त्या रेघांवरून मशीन चालवत. दोन वर्षं ही झाकली मूठ झाकलेली राहिली. गणवेश कापायच्या दिवशी मात्र मालकीणबाईंनी ताईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. कार्यक्रमाच्या बॅनरला कुठला रंग शोभेल ते ठरवायचं होतं. रंग ठरेपर्यंत लॉट कापून झाला होता.

ताईंना या गोष्टीचा राग यायला हवा होता. पण रागाला अंगात जीव लागतो, आणि त्यांना नुसता थकवा आला होता. सतरा वर्षांच्या असताना त्या इथं बटणं लावायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्यांना रडवलं होतं. पुढं त्याच मास्तरांनी, कटिंगच्या टेबलाशी बाई नको म्हणणाऱ्या पुरुषांना धाब्यावर बसवून, त्यांच्या हातात खडू दिला. ताई सुपरवायझर झाल्या त्या याच खडूमुळे.

दुपारी मालकीणबाईंनी बोलावलंच. थोरल्या साहेबांची ही धाकटी मुलगी. गावातल्या व्यापारी संघाची अध्यक्ष, बोलायला मऊ, आणि रात्री झोप नसल्यासारखे डोळे. टेबलावर निळ्या गोटाचा स्कर्ट पडला होता.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "नवं डिझाइन म्हणून खपेल. पण हे झालं कसं?"

"तपासायचं काम माझं होतं, मॅडम. माझ्याकडून राहिलं."

"तुम्ही त्या दिवशी इथं माझ्यासमोर बसला होतात, ताई." मालकीणबाई जराशा हसल्या. "आणि रोज सकाळी टेप घेऊन टेबलाभोवती काय करता, ते मला या काचेतून दिसतं. मी आंधळी नाही."

ताईंचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. चोर पकडला गेल्यावर त्यानं बोलायचं तरी काय?

"उद्या त्यांचा हात मशीनखाली गेला तर? कुणाला तोंड दाखवायचं आपण?" मालकीणबाईंनी स्कर्टची घडी घातली. "मी ठरवलंय. परवा शाळेत, सगळ्यांसमोर, त्यांचा निरोपसमारंभ करायचा. मुलांच्या टाळ्या, मानाची भेट, वर दर महिन्याला काहीतरी. मी त्यांना हाकलत नाहीये, सन्मानानं पाठवतेय."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणतील. हट्टी आहेत. बाबांचंसुद्धा ऐकायचे नाहीत."

"निदान आधी सांगा तरी."

"सांगितलं तर येणारच नाहीत. आणि परवा मला गोंधळ नकोय, ताई. बाकीचे व्यापारी येताहेत. शाळेच्या दोन खोल्यांचं छप्पर त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचंय. एकटीनं किती दिवस ओढू मी ही शाळा?" त्यांचा आवाज खरोखरच दमलेला होता. "तुम्ही नाही ना सांगणार?"

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं मालकीणबाईंनी होकारात धरलं. ताईंनीही ते तसं धरू दिलं, हे खरं त्यांना जास्त लागलं.

चहाच्या वेळी त्या मास्तरांच्या शेजारी जाऊन बसल्या. सांगायचं असं ठरवूनच बसल्या. पण मास्तर रंगात होते.

"पुढच्या वर्षी शाळेच्या पोरांना खिसे मोठे ठेवू," ते म्हणाले. "खिशात हात मावत नाही म्हणून माझा नातू रडतो. पोराला खिसा नको का मोठा? त्याची सगळी इस्टेट तिथं असते."

"ठेवू की."

"नुसतं ठेवू काय? तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"दमले, मास्तर."

"या वयात? मी बघ." आणि कप ठेवायला त्यांनी हात पुढं केला. कप बाकाच्या कडेबाहेर चालला होता. ताईंनी तो अलगद खालच्या खाली धरला आणि बाकावर ठेवला. चहाची वेळ संपली.

घरी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. नवरा निवृत्त बस कंडक्टर, गुडघ्यांना शेक देत बसलेला. त्याचा जन्म लोकांना पुढं सरका म्हणून सांगण्यात गेला होता, त्यामुळे त्याच्याकडे सल्ला तयार असे.

"सांगून टाक. त्यात काय?"

"सांगितलं तर येणार नाहीत. मग मॅडमची शोभा, आणि शाळेचं छप्पर राहील तिथंच."

"मग नको सांगू."

"नाही सांगितलं तर लोकांसमोर कळेल त्यांना. चारचौघांत."

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," नवरा म्हणाला आणि शेकायची पिशवी त्यानं दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तुला खरं काय वाटतं?"

"मला वाटतं, माझ्याशिवाय कुणीतरी सांगावं."

दुसरा दिवस गोट लावण्यात गेला. सगळ्या बायका मान मोडून बसल्या होत्या. मास्तर दोनदा टेबलाशी येऊन गोट बोटांनी चाचपून गेले. दुसऱ्यांदा त्यांची बोटं स्कर्टच्या आतल्या बाजूला गेली, तिथं दुमड शोधत थोडा वेळ फिरली आणि थांबली. ताईंना वाटलं, आता विचारतील. पण ते काही न बोलता आपल्या टेबलाकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले. सांगायला हीच वेळ होती. ताईंनी ती गोट लावण्यात घालवली.

शाळेच्या मैदानात लाकडी मंच घातला होता. पुढं मुलं नवे कपडे घालून बसलेली, त्यांच्यामागं व्यापारी, मग आईबाप, आणि कडेला कारखान्याची मंडळी. मास्तर धुतलेला पांढरा शर्ट घालून ताईंच्या शेजारी बसले होते. मुख्याध्यापिका बोलल्या. कपड्यावाचून एकही मूल शाळेतून परत जात नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. मग मालकीणबाई उठल्या. छपराबद्दल त्या असं बोलल्या की दोन व्यापाऱ्यांनी बसल्या जागी हात वर केले. यंदाच्या गणवेशाचं नवं डिझाइन त्यांनी एका मुलीला उभं करून दाखवलं. टाळ्या पडल्या.

"आणि आज," मालकीणबाई म्हणाल्या, "आयुष्यभर या मुलांचे कपडे कापणारे आमचे मास्तर निवृत्त होताहेत. त्यांच्यासाठी सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवा."

मैदान टाळ्यांनी भरून गेलं. वाजवणाऱ्यांत मास्तरही होते. कुणीतरी निवृत्त होतंय, वाजवायला हव्यात, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग त्यांचे हात हळूहळू थांबले. शेजारी ताईंच्या टाळ्या ऐकू येत नाहीत हेही त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान ताईंकडे वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"परवा दुपारपासून."

मास्तरांनी मान हलवली. एखादं माप ऐकून लक्षात ठेवावं तशी. "बरं," ते म्हणाले. ताईंना त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना मोकळं वाटलं असतं. पण ते उठले, शर्ट खाली ओढला आणि मंचाकडे चालू लागले. ताई उठून पुढं झाल्या, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. पायरीशी थांबून बुटाच्या टोकानं ती शोधली आणि ते एकटे वर चढले. लोकांना वाटलं, म्हातारा भारावलाय.

मालकीणबाईंनी त्यांच्या हातात भेट दिली आणि माइक पुढं केला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "पोरांनो, हे निळं डिझाइन-बिझाइन काही नाही. दुमडायला कापड राहिलं नाही म्हणून लावलंय. कापायला मी चुकलो. ताईचा काही दोष नाही, बायकांचाही नाही. मला पट्टी दिसली नाही." त्यांनी माइक आणखी जवळ घेतला. "तेव्हा यंदा जरा दमानं वाढा."

मुलं खदखदून हसली. त्यांच्यामागून आईबापही हसले. एका आईनं मात्र पुढं वाकून आपल्या मुलीच्या स्कर्टची कड उलटी करून पाहिली, आणि तिचं हसू राहून गेलं. मालकीणबाई खाली बघत होत्या. छपरासाठी हात वर केलेल्या व्यापाऱ्यांपैकी कुणी उठून गेलं नव्हतं, एवढं ताईंनी पाहून ठेवलं.

"आणि आखूड झाले तर कारखान्यात आणा," मास्तर म्हणाले. "मी नसेन. ताई असेल. ती करून देईल काहीतरी." माइक कुणाला द्यावा ते न कळून त्यांनी तो हवेतच पुढं धरला, आणि मुख्याध्यापिकांनी तो घाईनं घेतला.

उतरताना ते मंचाच्या कडेशी येऊन थांबले. पाय उचलला, आणि पुन्हा मागं घेतला. खाली मुलं वाट बघत होती. बायका, व्यापारी, सगळेच बघत होते. ताई पायरीखाली जाऊन उभ्या राहिल्या, पण हात पुढं करायचा त्यांना धीर झाला नाही.

"ताई, आहेस का?"

"आहे, मास्तर."

"मला दिसत नाही गं," मास्तर म्हणाले. लपवायचा काहीच प्रयत्न न करता, चांगलं मोठ्यानं. "तू सांग. सगळ्यांना ऐकू गेलं तरी चालेल."

ताईंनी त्यांचा हात धरला. "पायरी आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाल्या, "पायरी आहे, मास्तर. उजवा पाय टाका. आता डावा."