मुठीचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, पंधरा किलोचा, एकेकाळी सरकीच्या तेलाचा. अंगावर छापलेली कपाशीची बोंडं पुसट झाली आहेत, पण दिसतात अजून. तुम्ही म्हणाल, डब्याला काय सांगायचं असतं? खरं आहे. मला फारसं काही वाटतही नाही. पत्रा उन्हात तापतो, सावलीत निवतो, एवढंच माझं सुखदुःख.

जळगावच्या एका खानावळीत माझ्यातलं तेल संपलं. भंगारवाल्या शकीलभाईंनी माझं वरचं तोंड कापलं आणि धारदार कडा आत दुमडून हातोडीने ठोकल्या. "बच्चे लोक हात घालतील ना बाई, मग कापायला नको," असं ते म्हणाले. ज्या बाईंनी मला नेलं त्या रत्नाबाई, भडगावजवळच्या एका खेड्यातल्या मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या.

शाळा चार खोल्यांची, चौथीपर्यंतची. गावात ख्रिस्ती घरं तीनच, बाकी मुलं शेतकऱ्यांची आणि थोडी मुसलमान कारागिरांची. कोणाच्या घरी कोणता देव आहे हे बाईंनी कधी विचारलं नाही. प्रार्थना सगळे करत, गाणी तर फारच जोरात म्हणत.

रत्नाबाई धुळ्याच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. तिथे त्यांची आई दळणाला बसण्याआधी एक मूठ दाणे बाजूला काढायची, कोणा आजाऱ्याचं नाव घेऊन देवाकडे मागणं करायची आणि रविवारी ते धान्य ख्रिस्तमंदिरात द्यायची. त्यांच्याकडे याला नुसतं 'मूठ' म्हणत. तीच रीत बाईंनी शाळेत आणली. रोज प्रार्थना झाली की मुलं रांगेने यायची, घरून आणलेले दाणे माझ्यात टाकायची.

"कोणाच्या नावाने?" बाई विचारायच्या.

मग मूल नाव सांगायचं. आईच्या, मामाच्या, व्यायलेल्या म्हशीच्या. नाजमीनने एकदा गणिताच्या पेपरच्या नावाने तांदूळ टाकले होते. शनिवारी ते धान्य दळून मुलंच गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना पीठ नेऊन द्यायची, त्यांचं अंगण झाडायची, पाणी भरायची. सेवा म्हणजे काय, यावर बाईंनी कधी फळ्यावर एक ओळ लिहिली नाही.

मी खाली ठेवलेला, त्यामुळे मला चेहरे कमी आणि हात जास्त दिसत. अर्धी मूठ आणून पूर्ण आणल्याचा आव आणणारे हात मी चांगले ओळखायचो. आणि ओळखायचो नूतनचा हात. ती दुसरीतली. दादर ज्वारी आणायची, इतकी गच्च धरून की दाणे तळव्याला चिकटून राहायचे आणि ती एकेक सोडवून टाकायची. गेला महिनाभर तिचं नाव एकच होतं, चिंधा आबा. आबांची मुलं सुरतेला, घरात ते आणि त्यांचा खोकला. पीठ घेऊन नूतनच जायची. आबा तिला 'मास्तरीन' म्हणायचे आणि ते ती सगळ्यांना सांगत सुटायची.

एका गुरुवारी तिने मूठ टाकली. रविवारी आबा गेले. ऐंशीच्या पुढचे होते, फुप्फुसं संपली होती. गावात कोणाला नवल वाटलं नाही.

पण नूतन शाळेत आली ती उजवा हात फ्रॉकच्या घडीत लपवून. पाटीवर डाव्या हाताने रेघोट्या ओढू लागली. बाईंनी विचारलं, "काय झालं गं हाताला?"

"काही नाही. तो बधिर झालाय."

दुसऱ्या दिवशी तिची आजी ताईबाई शाळेत आली. पायरीवर बसली, पाणी नको म्हणाली.

"बाई, तुम्ही काय शिकाडी राहिनात पोरेसले? नूतन घर ईसन म्हने, मी आबाना नावनी मूठ टाकी. मी तिना तोंडवर हात ठेवा, म्हनं असं बोलू नको, मूठ टाकी की मानूस तिसरा रोज मरस. नि आबा मरी गया. आते पोर जेवस नही. म्हनस, मीच मारं आबाले."

आमच्याकडे मूठ टाकतात ते मांत्रिक. उडीद मंतरून, माणसाचं नाव घेऊन. खेड्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. धुळ्याच्या कंपाउंडात वाढलेल्या रत्नाबाईंच्या कानावर ते कधी पडलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली, हात जोडले.

"माले समजनं," ताईबाई म्हणाली. "पन तिले कोन समजाडी?"

मुख्याध्यापक प्रेमराज सर भले गृहस्थ, पण गावातल्या कुजबुजीला घाबरणारे. म्हणाले, "डबा सोमवारी स्टोअरमध्ये टाका. शब्दही नको आणि रीतही नको."

सोमवारी शेवटची रांग लागली. सगळ्यात शेवटी नूतन आली. कित्येक दिवसांनी तो उजवा हात बाहेर निघाला. मुठीत तीच दादर होती.

"कोणाच्या नावाने?" बाईंनी विचारलं.

"नूतनच्या."

बाई आधी हसल्या. पोरीने स्वतःसाठी मागितलं, बरं झालं, असं त्यांना वाटलं असावं. मग नूतनचा चेहरा पाहून त्यांचं हसणं विझलं. पोर स्वतःलाच शिक्षा करून घेत होती. मीही तेव्हाच समजलो. मला त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं.

बाई खाली बसल्या. त्यांनी माझ्यातलेच दाणे मुठीत घेतले, वर उचलले आणि परत सोडले. "रत्नाच्या नावाने."

"नको बाई! तुमची नको!" नूतन किंचाळली आणि तिने दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्यात घातले. बाईंचे दाणे शोधून काढायचे होते तिला. दाणे मिसळले की कोणाचे कोणते हे मलासुद्धा सांगता येत नाही. बधिर म्हणवणारा तो हात तळापर्यंत चाचपत राहिला. बाईंनी तिला थांबवलं नाही, जवळ घेतलं.

"आता दोघी मिळून बघू," त्या म्हणाल्या. "तीन दिवस."

तेव्हापासून मी स्टोअरमध्ये आहे. शेजारी खडूची खोकी आणि फुटका पृथ्वीगोल. धान्य आहे तसंच आहे. सरांचा राग नाही मला, कोणाचाच नाही. पुन्हा बाहेर काढा असं म्हणत नाही. फक्त हजेरी जरा मोठ्याने घ्या, भिंतीतून पुसट ऐकू येते.

तिसरा दिवस काल संपला. बाई रोज येतात ती भडगावची एसटी आज आली नाही. प्रार्थना सरांनीच घेतली. व्हरांड्यात कोणाची तरी अनवाणी पावलं फाटकापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. घंटा होऊनही वर्गात बसली नाहीत.

बऱ्याच वेळाने फाटक वाजलं. धापा टाकत कोणीतरी म्हणालं, "गाडी बंद पडली गं वाटेत. चालत आले." मग बाकं सरकली, हजेरीपट उघडला, एकेक नाव पुढे सरकू लागलं.

"नूतन पितांबर?"

अनवाणी पावलं वर्गात आली. मग, "हजर, बाई."

पुढचं नाव येईना. बाई थांबल्या होत्या. तेवढ्यात त्याच बारीक आवाजाने, अगदी हजेरी घेतल्यासारखं, विचारलं, "रत्नाबाई?"

"हजर," बाई म्हणाल्या.