सोयाबीनवरचं पिवळं विमान

विमानाचा आवाज कानी पडला आणि वर्लाच्या हातातला कॉफीचा मग तसाच राहिला. आयोवातल्या त्या गावात जुलैअखेरीला असं विमान कशासाठी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रस्त्यापलीकडे मर्लिन ऑस्ट्रँडरच्या सोयाबीनवर कीटकनाशक फवारायला.

"आदल्या दिवशी फोन करीन, मग तुझी फुलं झाकून ठेव," असं मर्लिन म्हणाला होता. फोन आलाच नव्हता.

ती अंगणात धावली. वारा दक्षिणेचा, थेट तिच्या अंगावर येणारा.

नवरा गेल्यावर तिने अंगणाच्या कडेला रानफुलांची ही पट्टी लावली होती. बी ओल्या वाळूत कालवून हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवलेलं, गारवा लागल्याशिवाय ते रुजत नाही म्हणून. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, दुसऱ्या वर्षी मोजून अकरा फुलं. यंदा तिसऱ्या वर्षी मात्र सगळी पट्टी जांभळी झाली होती. तिच्या लहानपणी दिसायच्या त्या केसाळ, गुबगुबीत रानटी मधमाश्या परत आल्या होत्या. त्या आत्ता फुलांच्या बोंडांना चिकटून झोपल्या होत्या. पंखांवर दव होतं. ऊन चढेपर्यंत त्यांना उडता येणार नव्हतं.

तिने मर्लिनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

विमान वळलं. मागे फवाऱ्याची पांढरी शेपटी. दर फेरीला ते रस्त्याकडे सरकत होतं.

चादरी आणायला आता वेळ नव्हता. शाळेची बस चालवायची तेव्हाचं नारिंगी जाकीट खुंटीवर होतं. ते अंगात घालून ती रस्ता ओलांडून बांधावर जाऊन उभी राहिली. माणूस दिसला तर वैमानिक फवारा बंद करतो, असं ऐकलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

विमान सरळ तिच्यावर आलं. "पळ, वर्ला, पळ," असं मनात कुणीतरी ओरडत होतं. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले. डोक्यावरून प्रचंड घरघर गेली. ओठांवर काहीतरी कडवट, ओलं लागलं.

डोळे उघडले तेव्हा विमान वर चढलं होतं. फवारा थांबला होता.

मर्लिनची गाडी धूळ उडवत आली. "मरायचंय का तुला? वेड लागलंय?"

"फोन का नाही केलास?"

तो मान खाली घालून म्हणाला, "विसरलो गं. आईला काल दवाखान्यात नेलं, त्या गडबडीत... थांब, त्याला सांगतो." त्याने वैमानिकाला फोन करून रस्त्याकडचं सोयाबीन न फवारता सोडायला लावलं. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं.

दुपारी रस्त्याकडच्या कुंपणालगतच्या फुलांखाली माश्या पडलेल्या दिसल्या. काही अजून पाय हलवत होत्या. आतल्या बाजूच्या मात्र उडत होत्या. मर्लिन संध्याकाळी मक्याची कणसं घेऊन आला आणि ती दारातच ठेवून परत निघाला.

"आई कशी आहे?" तिनेच विचारलं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पुढे कितीतरी दिवस आकाशात काही घुमलं की तिचा हात आपोआप खुंटीवरच्या जाकिटाकडे जायचा.