पावणेपाचपर्यंतचं गिऱ्हाईक

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे; न्हाव्याच्या दुकानातली. बिडाचा जाड पाय, पांढऱ्या मुलाम्याचे हात, मागे कलणारी पाठ आणि बाजूला उंची कमीजास्त करायचा दांडा. सध्या माझ्याभोवती तांबडी मखमली दोरी आहे आणि समोर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी आहे. खुर्चीसमोर असं लिहिणं म्हणजे विहिरीवर ‘पाणी पिऊ नये’ असं लिहिणं झालं. पण ती तक्रार शेवटी. आधी माझा जन्म.

मी १९२६ साली शिकागोच्या एका कारखान्यात तयार झाले आणि मालगाडीने जॉर्जियातल्या टॅलोफेरी नावाच्या गावी आले. तिथल्या मोठ्या रस्त्यावर गोऱ्यांसाठीचं एक सलून होतं. दाढी करणारे सगळे काळे आणि करून घेणारे सगळे गोरे. मोझेस टार्व्हर नावाच्या न्हाव्याने एकवीस वर्षं माझ्यावर लोकांच्या माना वाकवल्या, पण त्याला स्वतःला माझ्यावर टेकायची परवानगी नव्हती. माझं चामडं फाटलं तेव्हा मालकाने मला मागच्या दारी टाकून दिलं. मोझेसने मला हातगाडीवर घालून पेकन स्ट्रीटला, काळ्यांच्या वस्तीत आणलं आणि मुलाला, क्लिओफसला, दुकान थाटून दिलं. फाटले म्हणून मी माणसांत आले, असं मी नेहमी म्हणते.

क्लिओफस टार्व्हरला सगळी गल्ली ‘मिस्टर क्लिओ’ म्हणे. हात हलका, जीभ त्याहून हलकी. एखाद्याच्या टकलाला तो इतक्या आदराने कात्री लावी की त्या माणसाला उगाच आशा वाटे. माझ्यावर कोण बसलं आणि कोण काय बोललं, याची नोंद मी मनात ठेवत गेले. बायकोशी भांडून आलेला माणूस जड बसतो. खोटं बोलणारा माझा डावा हात घट्ट धरतो. आणि धर्मोपदेशक सगळ्यात जास्त वेळ आरशात बघतात.

त्या दुकानाचा नियम एकच होता: खुर्चीतली गोष्ट खुर्चीत.

आता १९६१ सालचा एक शुक्रवार सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. दुपारी साडेतीनला लेम्युएल यान्सी आला. बावीस वर्षांचा, हसरा, रविवारी त्याचं लग्न होतं. गेले चार महिने तो दारोदार फिरून काळ्या माणसांना मतदार यादीत नाव घालायला सांगत होता, त्यामुळे शेरीफचा त्याच्यावर डोळा होता. केस कापले, दाढी झाली, गरम पंचा झाला. लग्नाचं गिऱ्हाईक म्हणून मिस्टर क्लिओने मानेची कड दोनदा कोरली. पावणेपाचला तो उठला. बाकावर शाळामास्तर हायरम ड्रेक बसले होते. त्यांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

त्याच दुपारी चार वाजता गावाबाहेरचं कापसाचं गोदाम जळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरीफ दुकानात आला. दारातूनच त्याने विचारलं की काल लेम्युएल इथे आला होता का. मिस्टर क्लिओने वस्तरा पट्ट्यावर घासत, वर न बघता सांगितलं, “माझ्या पाहण्यात नाही, साहेब.”

बाकावर प्रोफेसर होते. त्यांच्या हातात कालचंच वर्तमानपत्र होतं आणि ते त्यांनी डोळ्यांपर्यंत वर घेतलं.

मला त्या दोघांना दोष देणं सोपं आहे. माझं दुकान कोणी जाळणार नव्हतं, माझी नोकरी कोणी काढून घेणार नव्हतं. त्यांचं दोन्ही झालं असतं, आणि वर जीवही गेला असता. भीती खरी होती. लेम्युएलही खरा होता. गोदाम जाळल्याच्या आरोपावरून तो तुरुंगात गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच मेला. त्याची धाकटी बहीण ओपल दर रविवारी हॅट घालून दुकानावरून चर्चला जाई. त्या वेळी मिस्टर क्लिओ मागच्या खोलीत काहीतरी शोधत असे.

सात वर्षांनी रॉस्को मॅबिन माझ्यावर बसला होता. त्याचं पहिलं जावळ मिस्टर क्लिओनेच काढलं होतं आणि एक कुरळी बट कागदात बांधून त्याच्या आईला दिली होती. आता तो कॉलेजसाठी उत्तरेकडे निघाला होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कात्री चालवता चालवता मिस्टर क्लिओने त्याला त्या शुक्रवारची सगळी गोष्ट सांगून टाकली. रॉस्को उठला तेव्हा आला होता त्यापेक्षा जड होता.

वीस वर्षांनी त्याचं पुस्तक आलं. आधीची दोन कोणी वाचली नव्हती. ही तिसरी कादंबरी म्हणजे रहस्यकथा होती: गोदाम कोणी जाळलं आणि एका निरपराध माणसाला कोणी अडकवलं? गावाचं नाव बदललेलं, माणसांची नावं बदललेली. पेकन स्ट्रीटची छाती फुगली. आपल्या गल्लीतला मुलगा छापून आला होता. मिस्टर क्लिओने एक प्रत मागवली आणि दर शनिवारी प्रोफेसर ती दुकानात मोठ्याने वाचू लागले. ज्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता, तेही केस कापायला येऊन बसू लागले. पोस्टमन बर्ल तर टपालाची पिशवी दारात टाकून ऐके.

“मालकानेच लावली,” बर्ल म्हणे. “विम्यासाठी. मी टपाल वाटतो, मला सगळ्यांची पाकिटं ठाऊक आहेत.”

“तुला पाकिटं ठाऊक आहेत, आतलं काय ठाऊक आहे? माझी चिठ्ठी तर तू शेजारी टाकलीस,” कोणीतरी म्हणे, आणि दुकान हसे.

एकोणिसावं प्रकरण निघालं. गोदाम जळत असताना तो तरुण न्हाव्याच्या खुर्चीत होता, असं प्रोफेसरांनी वाचलं. मिस्टर क्लिओची कात्री थांबली. प्रोफेसर पुढे वाचत राहिले, सवयीने: “‘बाकावर एक शाळामास्तर बसला होता. शेरीफ आत येताच त्याने वर्तमानपत्र...’”

तिथे त्यांचा आवाज बंद पडला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा घरी विसरल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता. कोणीही तसं म्हणालं नाही.

पुढच्या शनिवारी वाचन झालं नाही, आणि त्यानंतर कधीच झालं नाही. पेकन स्ट्रीटने निकाल एकोणिसाव्या प्रकरणावरच दिला. मुलगा शिकला आणि आपल्याच माणसाला गोऱ्यांच्या बाजारात विकून आला. चर्चने त्याचं भाषण रद्द केलं. तिकडे मोठ्या रस्त्यावरही आरडाओरडा झाला. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, नावाला काळिमा फासणारं हे खोटं पुस्तक ग्रंथालयातून काढा, असा अर्ज आला. ग्रंथालय समितीची सभा मंगळवारी ठरली. ज्या दोन रस्त्यांचं पन्नास वर्षं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, ते एका पुस्तकाविरुद्ध गळ्यात गळे घालून उभे राहिले.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद असतात. त्या सोमवारांना मिस्टर क्लिओ मागच्या दाराने येई, पडदे ओढी आणि माझ्यावर बसे. चाळीस वर्षांत तो माझ्यावर कधी बसला नव्हता. पुस्तक उघडून तो मनातल्या मनात वाची, ओठ हलवत. मला एक अक्षर ऐकू येत नसे. शेवटच्या सोमवारी त्याने पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं आणि बराच वेळ माझा दांडा वर-खाली करत राहिला. मी वर जात होते, खाली येत होते. मग पुस्तक खणात गेलं.

गुरुवारी रॉस्को आला. दुकानातले तिघे ‘काम आहे’ म्हणून उठले; त्यांतला एक अर्धीच दाढी घेऊन गेला.

मिस्टर क्लिओने त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. थोडं आवळूनच.

“नेहमीसारखेच ना?”

“हो, मिस्टर क्लिओ.”

केस कापायचं यंत्र घरघरू लागलं. मग मिस्टर क्लिओ म्हणाला, “तुला मी ते ओझं म्हणून दिलं होतं, पोरा. तुझे खांदे तरुण होते. वाटलं, नेशील लांब. तू ते आणून चौकात टांगलंस.”

“लेम्युएलचं नाव अजून गुन्हेगारांत आहे,” रॉस्को म्हणाला. “मिस ओपल कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेय. साक्षीदार नाही म्हणून तिला परत पाठवतात. मंगळवारी तुम्ही एक वाक्य बोला. तो इथे होता, बस. माझं पुस्तक राहू दे नाहीतर जाऊ दे.”

“मला याच गल्लीत मरायचंय.”

“शेवटचं प्रकरण वाचलंत तुम्ही?”

“दुकानातलं वाचन बंद पडलंय,” मिस्टर क्लिओ म्हणाला.

हे खोटं नव्हतं, मित्रांनो. आणि त्याचा हात माझ्या डाव्या हातावर होता, घट्ट.

त्याने रॉस्कोची मान कोरली. काम झालं की गिऱ्हाईक आरशाकडे फिरवायचं आणि मागे छोटा आरसा धरून मान दाखवायची, हा त्याचा रिवाज होता. पुरण्याआधी मेलेल्याची दाढी करतानाही तो आरसा धरतो, अशी गल्लीत थट्टा चाले. त्या दिवशी त्याने मला फिरवलं नाही. कापड झटकलं आणि पाठ वळवली. रॉस्को आपली मान न बघताच गेला.

सभेत काय झालं ते मला बुधवारी बर्लकडून कळलं. ओपल पहिल्या रांगेत होती, निळ्या हॅटमध्ये. प्रोफेसर आलेच नव्हते. त्यांचा चष्मा बहुधा अजून सापडला नव्हता. अध्यक्षाने मिस्टर क्लिओला उभं केलं आणि असा कोणी माणूस त्या दिवशी तुमच्या खुर्चीत होता का, असं विचारलं. मिस्टर क्लिओने टोपी काढली.

“आणि म्हणाले,” बर्ल सांगत होता, “‘माझ्या पाहण्यात नाही, साहेब.’”

तेच शब्द. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्यामागे भीती होती. तो शेरीफ केव्हाच मेला होता. आता त्यांच्यामागे फक्त सवय होती, आणि गल्लीचा मान राखायची हौस.

ओपलने हातमोजे चढवले आणि त्याच्या अंगावरून निघून गेली. चार विरुद्ध एक मतांनी पुस्तक ग्रंथालयाबाहेर गेलं. रॉस्को उत्तरेला परतला. पेकन स्ट्रीटने मिस्टर क्लिओची पाठ थोपटली. आठवडाभर घरोघरून रताळ्याचं सारण भरलेले गोड केक येत होते. त्याने एकही खाल्ला नाही. सात वर्षांनी तो गेला, दुकानाला कुलूप लागलं आणि माझ्यावर ताडपत्री पडली. पंधरा वर्षं माझ्या गादीत उंदरांचे संसार झाले.

मग एके दिवशी ताडपत्री उचलली गेली. रॉस्कोच्या पुस्तकाला म्हणे मोठा मान मिळाला होता, त्यावर चित्रपट निघाला होता आणि माणसं टॅलोफेरी शोधत येऊ लागली होती. काउंटीला एकदम आठवलं की हे आपलंच पुस्तक. ग्रंथालयात बारा प्रती आल्या. कोर्टाशेजारी संग्रहालय झालं. मला नवं चामडं चढलं आणि दोरी आली.

दर अर्ध्या तासाने इथे एक ध्वनिफीत लागते: कादंबरीचं शेवटचं प्रकरण. अशा रीतीने मी शेवट ऐकला. त्यात म्हातारा न्हावी सभेत उभा राहतो, टोपी काढतो आणि म्हणतो, “तो माझ्या खुर्चीत होता. साडेतीन ते पावणेपाच.”

म्हणजे रॉस्कोने त्याला वाक्यसुद्धा लिहून दिलं होतं. मिस्टर क्लिओने ते माझ्यावर बसून वाचलं होतं, ओठ हलवत. मंगळवारी फक्त तेवढं म्हणायचं होतं.

माझ्या पायाशी पितळी पाटी आहे: ‘या खुर्चीच्या मालकाने निर्भयपणे सत्य साक्ष दिली.’ ज्या काउंटीने अख्खं पुस्तक खोटं ठरवलं, तिने त्यातली एकुलती एक खोटी गोष्ट पितळेत कोरून ठेवली आहे. लोक ती वाचून डोळे पुसतात.

मागच्या वसंतात एक बाई काठी टेकत आली. निळी हॅट मी ओळखली. तिने पाटी दोनदा वाचली, दोरीचा आकडा काढला आणि माझ्यावर बसली.

“मावशी, बसायचं नाही तिथे,” रखवालदार म्हणाला. “जुनी आहे ती.”

“माझा भाऊ हिच्यावर पावणेपाचपर्यंत बसला होता, बाळा. कागदावर तो अजून गोदामापाशीच आहे. मला पाच मिनिटं बसू दे.”

ती पाच मिनिटं बसली. फार हलकी होती. जाताना तिनेच दोरी परत अडकवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काळजी घ्या म्हणून विनवतात. माझी काळजी भरपूर घेतली जाते. रोज तेलपाणी होतं. तुम्ही इथे आलात तर एवढंच करा. पाटी वाचा, मग रखवालदाराला विचारा, ती साक्ष कोणत्या तारखेला दिली? त्याला सांगता येणार नाही. तो वरिष्ठांना विचारील, ते कागद शोधतील, आणि कागदात त्यांना मिस्टर क्लिओचे खरे शब्द सापडतील.

माझ्यावर शंभर माणसं बसली तर नव्वदांना सगळं ठाऊक होतं. त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.