टिकलीमागची पिवळी बत्ती

मी गाडीतली पिवळी बत्ती बोलतेय. खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आम्हा बत्त्यांना कारखान्यातून निघताना एकच शिकवण मिळते: पेटायचं, पण बोलायचं नाही. तरीही सांगते, कारण मला विचारणारं कुणी नाही.

मी तुरीच्या दाण्याएवढी आहे. वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात माझी जागा. माझ्या काचेवर इंजिनाचं छोटं चित्र आहे. इंजिनात काही बिघडलं की गाडीतला कॉम्प्युटर मला एक आकडा देतो आणि मी पेटते. त्या आकड्याचा अर्थ मलाही ठाऊक नसतो. तो जाड पुस्तकात लिहिलेला असतो, आणि पुस्तक माझ्याजवळ नसतं.

अठ्ठ्याण्णव साली आमची गाडी धुळ्याच्या लोटनभाऊंनी घेतली. त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गल्लीतली ती पहिली नवी गाडी. पेढे वाटून झाले, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, मग लोटनभाऊंना वाटलं की गाडीचा आवाज काही भारदस्त नाही. म्हणून दिवाळीत त्यांनी तीन भोंग्यांचा गाणारा हॉर्न बसवून घेतला.

हॉर्नवाल्याला जागा पुरेना. इंजिनाजवळच्या एका काळ्या डब्याची रबरी नळी त्याने उपसून बाजूला वळवली आणि तिच्या झडपेची वायर काढून ठेवली.

"हे काय काढलंस रे?" लोटनभाऊंनी विचारलं.

"काही नाही भाऊ, कंपनीवाले उगाच भरताड लावतात."

त्याच क्षणी कॉम्प्युटरने मला त्रेपन्न आकडा दिला आणि मी पेटले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम! मला केवढा अभिमान वाटला.

"आणि ही बत्ती?"

"नव्या गाड्यांत जळतच राहते ती. तिच्याकडे बघू नका."

लोटनभाऊ खरंच बघेनासे झाले. पण अंधारात मी त्यांच्या डोळ्यांत खुपायचे. एकदा त्यांनी कटकट केली, तेव्हा शेजारी बसलेल्या बेबाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. एक मोठी मरून टिकली काढून त्या माझ्याकडे वाकल्या. मला वाटलं, या मला कुंकू लावताहेत. कुणी आपल्याला सवाष्णीसारखं मानतंय म्हणून मी लाजलेसुद्धा. मग टिकली काचेवर बसली आणि माझ्यासमोर सगळं मरून झालं.

त्यानंतर मी आत जळत राहिले. टिकलीच्या कडेने केसाएवढी फट होती, तेवढंच माझं जग. त्या फटीतून मला बेबाबाईंचा चेहरा दिसायचा, आणि तो दिवसेंदिवस उतरत चालला होता.

त्यांची आई मंजुळाबाई पिंपळनेरला असते. दिवाळीनंतर ती ओसरीवरून पडली आणि खाटेला खिळली. "बेबाले एकदाव देखाडा," असा तिचा निरोप दर आठवड्याला येई. बेबाबाई चार वेळा निघाल्या. चारही वेळा वाटेतलं कुसुंबा यायच्या आत त्यांचं डोकं गरगरायला लागलं, उलट्या झाल्या आणि गाडी मागे वळली.

"तुला गाडीच लागते. सुख सोसत नाही तुला," लोटनभाऊ म्हणायचे.

"अहो, मग मी एस.टी.नं जाते ना. एस.टी.त मला कधीच होत नाही."

"दारात गाडी उभी असताना एस.टी.नं जाशील? मुलखात मी काय तोंड दाखवू?"

यावर बेबाबाई पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघत. त्यांनाही बोलायची मुभा नव्हती, मलाही नाही. आम्ही दोघी एका हाताच्या अंतरावर होतो. मी ओरडत होते, त्रेपन्न, त्रेपन्न! पण न लुकलुकता नुसतं जळत राहणं म्हणजे तोंड दाबून ओरडणंच की.

फेब्रुवारीत गाणारा हॉर्न घोगरा झाला. लोटनभाऊंना तेवढं मात्र लगेच ऐकू आलं. ते गाडी घेऊन चांद मिस्त्रींकडे गेले. बाजार करायचा म्हणून बेबाबाईही बरोबर होत्या.

चांद मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि तोंड फिरवलं. "या अल्ला, लोटनभाऊ, गाडी आहे का पेट्रोलपंप? केवढा वास!"

"हाच वास!" बेबाबाई एकदम बोलल्या. "यानंच मला मळमळतं. मी सांगते तर म्हणतात, नखरे."

"कधीपासून येतो, भाभी?"

"हा हॉर्न बसवला तेव्हापासून."

लोटनभाऊंना तेवढ्यात चहाची आठवण झाली.

चांद मिस्त्रींनी विचारलं, "आत पिवळी बत्ती जळते का?" बेबाबाईंनी नखाने टिकली उचलली. उजेड! मला सगळं पुन्हा दिसलं.

"मी इकडे दोन खाचांत तार जोडतो. मला इथून बत्ती दिसत नाही. ती किती वेळा लुकलुकते ते तुम्ही मोजा."

तार जोडली गेली आणि मला बोलता आलं. पाच वेळा लुकलुकले, जरा थांबले, मग तीन वेळा. बेबाबाई माझ्याकडे टक लावून, बोटं दुमडत मोजत होत्या. "पाच आणि तीन. परत पाच आणि तीन. मिस्त्री, ती तेच तेच सांगतेय."

"मग खरंच सांगत असेल."

त्यांनी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीत त्रेपन्न शोधला. तेव्हा मलाही माझा अर्थ कळला. टाकीतली पेट्रोलची वाफ त्या काळ्या डब्यातला कोळसा धरून ठेवतो, आणि झडप उघडली की इंजिन ती ओढून जाळतं. वायर काढल्यामुळे झडप बंद, नळी उघडी. सगळी वाफ पंख्याच्या हवेबरोबर आत, बेबाबाईंच्या नाकात.

लोटनभाऊ परतले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "तुमचा भोंगा साक्रीपर्यंत ऐकू जातो, भाऊ. घरच्या माणसाचं तेवढं ऐकू येत नाही."

लोटनभाऊ हसले नाहीत. बायकोकडे न बघताच म्हणाले, "सकायलेच पिंपळनेर जाऊत."

नळी बसली, वायर लागली, भोंगे दुसऱ्या बाजूला गेले. मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली आणि मी विझले.

हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. विझले की मला काहीच दिसत नाही, ऐकूही येत नाही. पहिल्यांदा पेटण्याआधीचं सगळं मी नंतर गाडीतल्या गप्पांतूनच ऐकलेलं. चावी फिरली की इंजिन सुरू होईपर्यंत दोन श्वास मी पेटते. गाडी ठीक असल्याची ती खूण. गाडी ठीक राहिली की मी नसते.

म्हणून पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक आहे. एका सकाळी चावी फिरली तर बेबाबाई मांडीवर फराळाचा डबा घेऊन बसलेल्या. पुढच्या वेळी त्यांची सीट रिकामी. त्यांना पुन्हा त्रास झाला का? की आई गेली? विचारायला वेळच मिळाला नाही. मग किती तरी वेळा चावी फिरली, आणि सीट रिकामीच.

आज चावी फिरलीय, इंजिन मात्र अजून सुरू व्हायचंय. बेबाबाई शेजारी आहेत, चेहरा कसा स्वच्छ. मागच्या सीटवर उशीला टेकून एक म्हातारी बसलीय, मांडीवर काठी. मंजुळाबाईच असणार! म्हणजे इतके दिवस बेबाबाई तिच्यापाशी होत्या, आणि आता ती धुळ्याला निघालीय लेकीबरोबर.

"बेबा, ती पिवळी बत्ती कसानी शे वं?" ती विचारते.

बेबाबाई माझ्याकडे बोट करतात. "आई, तिनंच तर मला..."

"अवं, दार लाव नीट. निघू ना?" लोटनभाऊंचा हात चावीवर आहे. थांबा हो, एवढं एक वाक्य होऊ द्या. आजवर माझ्याविषयी कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि बेबाबाई आत्ता म्हणताहेत की मी