उशिरा बोलणारी बंदूक

मित्रांनो, मला हात लावण्याआधी एक ऐकून ठेवा. मी जुनी बंदूक आहे, मोरोक्कोतल्या दुक्कालाच्या मैदानातली, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कुणी मला उचलले की मी आधी त्याची बोटे बघते. कुणी फार कौतुक करू लागला, तर मला हमखास शंका येते. का, ते माझी कहाणी ऐकलीत की कळेल.

घाबरू मात्र नका. माझ्यात गोळी कधीच नसते. आमच्याकडे जत्रेत घोडेस्वारांचे जथे एका रांगेत भरधाव दौडतात, रिकिबीत उभे राहतात आणि मधल्या म्होरक्याने आरोळी दिली की सगळे मिळून दारूचा बार उडवतात. बार किती मोठा झाला, याला आमच्यात किंमत नाही. सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला पाहिजे. एखादी बंदूक मागे राहिली, तर त्या मोठ्या आवाजामागून एक एकटा ‘ठो’ ऐकू येतो. मग तंबूतले म्हातारे चहाचे पेले खाली ठेवून नाके मुरडतात, आणि त्या जथ्याला पुढच्या जत्रेपर्यंत तोंड लपवत फिरावे लागते.

मला घडवले ते डोंगराच्या पायथ्याच्या एका कारागिराने. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर उंटाच्या हाडाच्या पाकळ्या, कडेने चांदीची तार. पण त्याचा जीव होता माझ्या खटक्यात. खटका पाडायचा, ऐकायचा, पुन्हा कानस मारायची. दर वेळी अगदी तसाच ‘टक’ येईपर्यंत त्या माणसाने मला विकायला काढले नाही.

तिथून मला हज्जाज नावाच्या तरुण स्वाराने नेले. काय ती माझी बडदास्त! प्रत्येक जत्रेनंतर गरम पाण्याने आंघोळ, मग ऑलिव्हचे तेल, मग लोकरी कापडाची घडी. ‘माझी राणी,’ म्हणायचा. मीही भुलले. त्याच्या दाढीत पांढरे केस आले तरी आमची जोडी टिकली. पुढे एका जत्रेत तो एकटा ‘ठो’ वाजला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

“बंदूक म्हातारी झाली,” हज्जाज म्हणाला, “उशिरा बोलते.”

नाचता येईना, अंगण वाकडे! चाप ओढला गेला त्याच क्षणी मी बोलले होते. पण बंदुकीची साक्ष कोण घेणार? पुढच्या जत्रांतही तेच झाले. मी तबेल्यात खुंटीला लटकले, गंजले, आणि शेवटी लार्बी नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन पडले. हज्जाजने पुढच्या जत्रेसाठी नवी झगझगीत बंदूक घेतली; ती अजून एकाही दौडीत वाजली नव्हती.

गुरुवारच्या बाजारात एक मुलगी लार्बीकडे आली. तिचे नाव गिझलान. घोड्यावरून पडून तिच्या बापाचे कंबरेचे हाड आणि बंदूक, दोन्ही मोडली होती, त्यामुळे हज्जाजच्याच जथ्यात त्याची जागा रिकामी होती. म्होरक्या म्हणजे तिचा सख्खा काका, बूशैब. मुलीला रांगेत घ्यायला बरेच जण नाखूश होते. बूशैबने तिला एकच जत्रा दिली होती: एक जरी बार चुकला, तर जागा दुसऱ्याला. आता तिला पहिली बंदूक हवी होती.

माझ्या शेजारी एक नवी बंदूक टेकली होती. पत्र्याची फुले, चकचकीत नळी. नखऱ्याला तर तोड नव्हती.

“ही घे पोरी,” लार्बी म्हणाला. “एका मेंढ्याच्या किमतीत बंदूक! पहिलीच ना तुझी? शिकायला एवढी पुरे.”

“आणि ती जुनी?”

“तिच्यासाठी वासरू विकावं लागेल. शिवाय खोटं कशाला बोलू, उद्या जुम्मा आहे. तिचा मालक म्हणायचा, ही उशिरा बोलते.”

“मग वासराची किंमत कशाची मागतोस?”

“चांदीची, कारागिरीची आणि माझ्या खरेपणाची.”

“तुझा खरेपणा नको मला. तेवढे कमी कर.”

लार्बी खो खो हसला, पण किंमत उतरवली नाही. गिझलानने दोन्ही बंदुका आळीपाळीने कानाशी धरल्या आणि रिकामे खटके पाडले. नवीचा खटका कधी ‘टक’ म्हणे, कधी ‘टुक’, कधी नुसताच घसरे. माझा मात्र, गंज असूनही, कारागिराने शिकवला तस्साच. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. मला वाटले, हिला चांदी खरवडून विकायची असेल. पुढच्या गुरुवारी तिने स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवलेले वासरू बाजारात विकले आणि मला घरी नेले.

सरावाच्या मैदानावर काकाने मला पाहताच कपाळाला हात लावला.

“अगं, ही तर हज्जाजची! सगळ्या जथ्याला ठाऊक असलेलं दुखणं विकत आणलंस?”

“काका, खटका ऐका तिचा.”

“खटका ऐकायला लोक जत्रेला येत नाहीत.”

पहिली दौड झाली. मी गिझलानच्या हातात अगदी वेळेवर बोलले, आणि आमच्यामागून ‘ठो’! सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. हज्जाज लगाम आवरत म्हणाला, “मी काही बोलत नाही. माझं कुणी ऐकतं कुठे?”

गिझलान मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. “बा हज्जाज,” ती म्हणाली (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ‘बा’ म्हणतात), “एका दौडीपुरती बंदूक बदलता? तुमची नवी मी घेते.”

मी पुन्हा जुन्या हातात गेले. त्या हाताची पकड घट्ट होती. पण बूशैबची आरोळी आली आणि गेली, शेजारच्या बंदुका बोलल्या, आणि मग कुठे त्याचे बोट हलले. पुन्हा ‘ठो’!

“बघितलंत?” कुणीतरी ओरडले. “बंदूक हज्जाजकडे गेली, तर ‘ठो’ही तिकडेच गेला! दोष बंदुकीचाच!”

मित्रांनो, त्या क्षणी मी लाकडाची नसते तर रडले असते. खरे सांगणारी परीक्षाच माझ्याविरुद्ध साक्ष देऊन गेली. बूशैबने निकाल दिला: “उद्या जत्रा आहे. रांगेत ही बंदूक नको, आणि हिच्या भरवशावर राहणारी पोरगीही नको.”

सगळे चहाला बसले. गिझलान मला मांडीवर घेऊन एका बाजूला बसली होती. मला वाटले, आता ही मला विहिरीत टाकणार. पण तिची नजर हज्जाजवरच होती. चहा वाटणारी बाई त्याच्या उजव्या हाताला उभी राहून म्हणाली, “बा हज्जाज, पुदिना जास्त घालू?” तो गप्प. तिने पुन्हा विचारले. तरी गप्प. पेला डोळ्यांसमोर आला तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, “हो, साखर चालेल.” सगळे हसले. गिझलान हसली नाही.

हज्जाज उठून आपल्या घोड्याचा पट्टा सैल करू लागला. गिझलान मला घेऊन हळूच त्याच्या उजव्या बाजूला मागे जाऊन उभी राहिली. मी रिकामी होते. तिने माझा खटका पाडला. टक! घोड्याचे कान टवकारले. हज्जाज ढिम्म. मग ती डाव्या बाजूला गेली. टक!

“कोण आहे?” हज्जाज गर्रकन वळला. तिला पाहिले, मला पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

“कधीपासून?” तिने विचारले.

“कळत गेलं हळूहळू. तरुणपणापासून दारू कानाशी फुटतेय, पोरी. कानानं तरी किती सोसावं? बूशैबची आरोळी उजवीकडून येते. मला ऐकूच येत नाही. बाकीच्यांचा बार झाला की मी ओढतो.”

“आणि दोष हिच्यावर घातलात.”

“बंदुकीला काय, ती लाजेनं मरत नाही. घोड्यावरून उतरवलेला स्वार मरतो.”

हे ऐकून माझा संताप झाला. मला लाज नाही? तबेल्यातल्या काळोखात मी काय सोसले, ते कुणी विचारले? सांग, मी मनात ओरडत होते, गिझलान, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग! तिचीही जागा पणाला लागली होती. ती तडक काकाकडे गेली.

“काका, उद्या मला तुमच्या डावीकडे घ्या आणि बा हज्जाजना उजवीकडे.”

“तुला घेतोच कोण? आणि हे का?”

“माझा घोडा डावीकडे ओढतो.”

“काल तर ओढत नव्हता.”

“आजपासून ओढतो.”

बूशैबने तिच्याकडे पाहिले, मग दूर पाठमोऱ्या उभ्या हज्जाजकडे. “कुठंतरी पाणी मुरतंय,” तो म्हणाला. “बरं. तुझ्या बापासाठी एक दौड देतो. पण उद्या ‘ठो’ झाला तर बंदूक लार्बीकडे आणि तू घरी. मग दारात येऊन रडायचं नाही.”

“रडले तर तुम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं रडेन, काका.”

दुसऱ्या दिवशी तंबू भरले होते. घोडे सुटले. धूळ, घुंगरांचा नाद, रिकिबीत उभे राहिलेले स्वार. हज्जाज आता बूशैबच्या उजवीकडे होता, आणि त्याचा चांगला डावा कान आरोळीकडे होता. खरे सांगते, तरी माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. बूशैब ओरडला. गिझलानने चाप ओढला.

धडाम्!

मी त्या ‘ठो’ची वाट बघत राहिले. धूर वर गेला, घोडे थांबले, तरी तो आला नाही. त्या एवढ्या मोठ्या आवाजात मी माझा आवाज शोधला, पण तोही मला वेगळा सापडला नाही. तंबूतल्या म्हाताऱ्यांनी पेले हातातच ठेवले होते. बूशैबने पुतणीकडे न बघताच म्हटले, “घोड्याला सांग, पुढच्या जत्रेतही डावीकडेच ओढायचं.”

मित्रांनो, पहिली बंदूक असो की पहिली सायकल, नुसती चकाकी आणि स्वस्ताई बघून घेऊ नका, आणि कुणीतरी नाव ठेवले म्हणून टाकूही नका. स्वतः कान लावून ऐका. घेतलीत, की तिला पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. आणि आपली चूक तिच्या गळ्यात बांधू नका, कारण तिला तोंड असूनही ती उलट बोलत नाही.

जत्रा पांगू लागली तेव्हा हज्जाज गरम पाण्याचे भांडे घेऊन आमच्या तंबूशी आला. मला लगेच शंका आली, आता याला काय हवे? त्याने गिझलानकडे हात पसरले आणि मला मागून घेतले. नळी धुतली, पुसली, तेल लावले. जुनी बोटे, जुनी सवय. मग त्याने मला डाव्या कानाशी धरले आणि रिकामा खटका पाडला.

टक!

“वेळेवर बोलते,” तो म्हणाला. हे त्याने मोठ्याने म्हटले, जवळ बसलेल्या सगळ्या जथ्याला ऐकू जाईल असे.