विरळ ढगांची धग

दिवस कलला की आमच्या घरावरचे तापलेले पत्रे तडतडू लागतात, आणि त्या आवाजासरशी मला अजून वैजू दिसते. ओट्यावर मांडी घातलेली, मान किंचित कललेली, उजवा तळवा दगडी भिंतीवर सपाट टेकवलेला, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. वैशाखाने दिवसभर पाजलेलं ऊन भिंत अंधार पडेपर्यंत परत करत राहते, आणि ती परतफेड निमूट अनुभवणारी ही माझी नणंद विद्यापीठातून डॉक्टर होऊन आली होती. गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. तरी शेजारच्या धावडा गावाहून कुणी ना कुणी गुडघेदुखी घेऊन यायचंच.

तिचा अभ्यास ताऱ्यांच्या मधल्या काळोखाचा. त्या काळोखात वायूचे अतिविरळ मेघ असतात. ते कशाने तापतात आणि कशाने निवतात, एवढंच शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली पोर आभाळाकडे बघणार नाही तर काय करणार! मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते. मला आभाळातलं कवितेपुरतं कळतं. एकदा मेथी निवडता निवडता मी तिला छेडलं, की तुझ्या त्या ढगाला निववायला फुंकर कोण मारतं?

"फुंकर मारायला तिथं कोणी न्हाई, वहिनी," ती म्हणाली. "ताऱ्याचा उजेड धुळीच्या कणावर पडला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतो, अन् तो वायूला तापवतो. निवायचं म्हणलं तर एका कणानं दुसऱ्याला धडकावं लागतं. ज्याला धडक बसली तो थरारतो, अन् तो थरार उजेड होऊन बाहेर निघून जातो. मंग ढग तेवढा थंड."

"अन् धडकच बसली न्हाई तर?"

"तर तापलेलाच राह्यतो. विरळ ढग लई काळ तापून राह्यतात. दाट ढग जल्दी निवतो, मंग तो आवळत जातो अन् त्यातून तारा होतो."

हे सांगताना तिच्या डोळ्यांत श्रावणातल्या उन्हासारखी एक तिरीप चमकली आणि लगेच मावळली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर माझे सासरे, आबा, पाठ करून पडले होते. बाप आणि लेक यांच्यात वर्षभर जेवण-पाण्यापलीकडे शब्द नव्हता.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात रानात वीज पडली आणि माझा नवरा, तिचा थोरला भाऊ रंगनाथ, मेंढरांसकट गेला. तो कळपामागे राहिला म्हणून ती पुस्तकांमागे जाऊ शकली होती. दुसऱ्या दिवशी तिची डॉक्टरेटची शेवटची तोंडी परीक्षा होती. आबांनी सगळ्यांना बजावलं, पोरीला कळवायचं नाही. मला तर कशाचीच शुद्ध नव्हती. वैजूने परीक्षा दिली, मैत्रिणींना पेढे वाटले, आनंदाने घरी फोन केला, आणि तेव्हा तिला सांगितलं गेलं. ती पोचली तोवर राख सावडून झाली होती.

मी दारात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडले होते. लांबच्या नात्यातली आली तरी पुन्हा नव्याने हंबरडा. त्या वेळी मला या रिवाजाचा राग यायचा; पण रडून रडून मी हलकी झाले, हे खरं. वैजूच्या वाट्याला तो कल्लोळ आलाच नाही. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आबांनीही नाही. दोघं एका ओट्यावर, एका दुःखात, पण एकमेकांना न लागता तापत राहिले. मला भीती वाटायची. आबांची छाती अधू झालेली, आणि ही आता कामासाठी परदेशी निघालेली. अशीच गेली असती, तर कदाचित हे दोघं पुन्हा कधीच बोलले नसते.

निघायच्या सकाळी शेजारचे काका नारळ घेऊन आले. जीप यायची होती. आबा त्यांना सांगू लागले, "काय बी झालं तरी पोरीची परीक्षा बुडू दिली न्हाई मी."

वैजूने हातातली बॅग खाली ठेवली. "बुडायला पाह्यजे व्हती, आबा."

काकांनी नारळ ओट्याच्या कडेला ठेवला.

"दादाला इथं जाळून राह्यल्ते तुम्ही, अन् मी तिकडं साडी नेसून फोटो काढून राह्यल्ते. हसून राह्यल्ते मी, आबा! कोणी विचारलं मला?"

"काय पाह्यलं असतं येऊन?" आबा ओरडले. इतका मोठा आवाज वर्षभरात पहिल्यांदाच. "त्याचं तोंड वळखू येत नव्हतं, पोरी. एक लेकरू वाचवता आलं न्हाई मला. वाटलं, दुसऱ्याची परीक्षा तरी वाचवावी. दुसरं काय व्हतं माझ्या हातात?"

मग त्यांनी रंगनाथाला हाक मारली, तो रानात असताना मारायचे तशी, लांब, घसा ताणून. वैजू बाजेच्या पायथ्याशी बसली आणि दोघंही मोठ्याने, लाज सोडून रडली. जीप आली, थांबली, कंटाळून निघून गेली. तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही. आबांनीही माफी मागितली नाही. दुपारच्या गाडीने ती गेली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो आणि बाप-लेक कडाकडा भांडतात. रंगनाथ लहानपणी चिंचेवरून पडला की लिंबावरून, पोहायला तो आधी शिकला की ती, वादाला काहीही पुरतं. मी मध्ये पडत नाही, भाकरी थापत ऐकत राहते. मला तो मिळाला तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होता. त्याचं बालपण माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. ते आता, तो नसताना, हळूहळू माझ्या घरी यायला लागलं आहे.